कीनचा दुसरा अल्बम असा एका ओळीत उरकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत दोन हजारच्या दशकातल्या ब्रिटिश बँड्सवर लेख आला होता तो वाचला. मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा मिळते याचा खरंच आनंद झाला, आर्क्टिक मंकीजवरचा भाग तर मस्तच जमलाय. पण कीन या बँडबद्दल लेखात जे आलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. लेखकांनी कीनला गिटार नसलेला, मऊ मऊ गाण्यांचा बँड म्हटलंय आणि त्यांचा २००६ चा 'अंडर द आयर्न सी' हा अल्बम म्हणजे पहिल्याच अल्बमची जरा उदास आवृत्ती असं म्हणून पुढे गेलेत. पहिल्या अल्बमबद्दल मऊ म्हणा, माझी काही तक्रार नाही. पण दुसऱ्याबद्दल असं म्हणायचं तर तो अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकलेलाच नसणार असं मला वाटतं, कारण त्या काळात इतक्या लोकप्रिय बँडने इतकी अंधारी आणि इतकी वेगळ्या आवाजाची रेकॉर्ड काढलेली फार उदाहरणं नाहीत.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समधलं बॅटल नावाचं छोटं गाव, १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई झाली तेच. तिथली ही मुलं, लहानपणापासूनचे मित्र. टॉम चॅप्लिन गातो, टिम राईस-ऑक्सली पियानो वाजवतो आणि बहुतेक गाणी लिहितो, रिचर्ड ह्यूज ड्रम्सवर. सुरुवातीला डॉमिनिक स्कॉट नावाचा गिटारिस्ट होता, तो २००१ मध्ये बाहेर पडला आणि मग यांनी त्याच्या जागी दुसरा गिटारवाला आणलाच नाही. पियानो, ड्रम्स आणि आवाज एवढ्यावरच चालवायचं ठरलं, बेस लागायचा तो टिमने आधी रेकॉर्ड करून ठेवलेला स्टेजवर लॅपटॉपवरून वाजायचा. २००४ मध्ये 'होप्स अँड फिअर्स' आला, ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला, त्या वर्षी तिथे सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बम्समध्ये होता आणि २००५ च्या ब्रिट अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम अल्बमचं पारितोषिक घेऊन गेला. एवढं यश मिळाल्यावर बहुतेक बँड काय करतात ते सगळ्यांना माहितीये, तेच पुन्हा करतात, जरा मोठ्या बजेटमध्ये.

यांनी ते केलं नाही, आणि का केलं नाही हे समजून घ्यायला त्या दोन वर्षांत काय झालं ते बघायला पाहिजे. न संपणारे दौरे, यू टूसारख्या मोठ्या बँडच्या कार्यक्रमाआधी वाजवणं, आज या देशात उद्या त्या देशात. शाळेपासूनची मैत्री, पण या सगळ्यात एकमेकांशी धड बोलणंच थांबलं. टिम आणि टॉममध्ये इतका दुरावा आला की बँड टिकतो की नाही अशी अवस्था झाली, हे त्यांनीच नंतर मुलाखतींतून उघडपणे सांगितलंय. त्यात ब्रिटिश म्युझिक प्रेसमधले काहीजण यांना चांगल्या घरची, महागड्या शाळेत शिकलेली मुलं म्हणून सतत टोचत होते, जणू काही चांगल्या शाळेत शिकलेल्याला दुःख व्हायची परवानगीच नाही. अशा अवस्थेत ते दुसऱ्या अल्बमला बसले. काही काम राय गावाजवळच्या हेलिओसेंट्रिक स्टुडिओत झालं, काही न्यूयॉर्कच्या द मॅजिक शॉपमध्ये (हाच तो स्टुडिओ जिथे पुढे डेव्हिड बोवीने शेवटचे अल्बम केले, २०१६ मध्ये तो बंद पडला). अँडी ग्रीन आणि बँडने मिळून प्रोड्यूस केलं.

आता आवाजाबद्दल, कारण माझा मुख्य मुद्दा तोच आहे. लेखात गिटार नाही हे एक कमतरता असल्यासारखं आलंय. खरं तर या अल्बमचा सगळा प्रयोग त्याच्यातूनच जन्माला आलाय.

पियानोची अडचण अशी की हातोडी तारेवर आपटली की सूर येतो आणि त्याच क्षणापासून विरायला लागतो. गिटारवाला तार ओढून सूर वाकवतो, अॅम्पच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याच्या, तोंडासमोर उभा राहून तो हवा तेवढा लांबवतो, खरवडतो, किंचाळायला लावतो. पियानोवाल्याने पट्टी दाबली की त्या सुराचं पुढे काय होणार हे जवळजवळ ठरलेलंच, आपल्याकडे पेटीवर मींड निघत नाही म्हणून जी जुनी तक्रार आहे तीच इथे. म्हणून रॉकमध्ये पियानो बहुतेकदा बाजूला बसून साथ करतो, नाहीतर मग हळवं गाणं असेल तेव्हा पुढे येतो. राग, तिरस्कार, घुसमट हे दाखवायची वेळ आली की सगळे गिटारकडे वळतात. कीननेही वळायला काहीच हरकत नव्हती, पैसे होते, एखादा चांगला गिटारिस्ट सहज मिळाला असता, आणि २००६ चं ब्रिटन म्हणजे गिटारचंच राज्य होतं, त्याच वर्षी जानेवारीत आर्क्टिक मंकीजचा पहिला अल्बम आला आणि पहिल्या आठवड्यात साडेतीन लाखांवर खपला. सगळं वारं त्या बाजूला असताना टिमने काय केलं तर पियानोलाच गिटारच्या इफेक्ट पेडल्समधून (पायाने दाबायच्या, आवाज बदलणाऱ्या डब्या) काढलं.

हे शक्य झालं ते त्याच्या यामाहा सीपी-७० मुळे. सत्तरच्या दशकातलं हे वाद्य, दौऱ्यावर नेता यावं म्हणून बनवलेला इलेक्ट्रिक ग्रँड पियानो. याच्यात खऱ्या तारा आहेत, खऱ्या हातोड्या आहेत, फक्त तारांचा आवाज घुमवायला मोठी लाकडी पाटी नाही, त्याऐवजी तारांची थरथर विजेत पकडणारे पिकअप्स आहेत, म्हणजे आवाज गिटारसारखाच वायरमधून बाहेर येतो. आणि वायरमधून आला की मग त्याला डिस्टॉर्शन लावून खरखरीत करा, डिले लावून प्रतिध्वनी आणा, अॅम्पमध्ये घाला, काहीही करा. कीबोर्डवर तयार मिळणारा गिटारचा आवाज दाबला आणि झालं असा हा प्रकार नाही, लोखंडी तारेवर पडणारा घाव तसाच राहतो आणि त्याच्यावर गंज चढल्यासारखा आवाज बाहेर येतो. 'इज इट एनी वंडर?' हे गाणं लावा आणि ज्याला माहीत नाही अशा कोणालाही विचारा की सुरुवातीला काय वाजतंय. गिटारच म्हणेल. त्या काळात रेडिओवर ऐकून कितीतरी लोकांना वाटलं की कीनने शेवटी गिटार घेतली. नाही घेतली, तो पियानो आहे.

याला मी प्रयोग म्हणतो. आणि हे कुठल्या कोपऱ्यातल्या, शंभर लोक ऐकतात अशा बँडने केलेलं नाही. हे गाणं ब्रिटनच्या सिंगल्स चार्टमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं. लोकांना वेगळं काही द्यायचं तर ते खपत नाही असं जे नेहमी सांगितलं जातं ना, त्याला हे चांगलं उत्तर आहे.

शिवाय ते गाणं कशाबद्दल आहे हेही लेखात यायला हवं होतं. इराक युद्ध. फेब्रुवारी २००३ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर लाखो लोक युद्धाच्या विरोधात उतरले आणि तरी पंतप्रधान टोनी ब्लेअरच्या सरकारने सैन्य पाठवलंच, ज्या माणसावर आणि ज्या देशावर विश्वास ठेवला त्यानेच फसवलं ही जी भावना त्या पिढीत होती ती या गाण्यात आहे. त्यात घोषणा नाहीत, कोणाचं नाव नाही, म्हणून वरवर ऐकलं तर एखाद्या प्रेमात फसलेल्या माणसाचं गाणं वाटू शकतं, आणि मला वाटतं लेखकांचा गोंधळ इथेच झालाय. कीनच्या बहुतेक गाण्यांत समोरच्या माणसाला तू म्हणून हाक मारलेली असते, तो तू कधी मित्र असतो, कधी देश असतो, कधी स्वतःच असतो. हे न बघता सगळ्यांवर प्रेमगीत असा शिक्का मारून मोकळं होणं बरोबर नाही.

अल्बमची सुरुवात 'अटलांटिक'ने होते आणि ही निवडच मला फार धाडसाची वाटते. जो बँड पहिल्या दहा सेकंदांत गुणगुणता येईल अशा सुरावटींसाठी ओळखला जातो तो दुसरा अल्बम असा उघडतो की बराच वेळ काही घडतच नाही, ड्रम्स गोल गोल फिरतायत, पियानो एकच गोष्ट परत परत सांगतोय, खालून बेस सरकतोय, आणि मग टॉम अगदी दबलेल्या आवाजात गायला लागतो. म्हातारपणी एकटं पडण्याची भीती, पंचविशी-तिशीतल्या माणसांनी लिहिलेली. ठरलेला कोरस, म्हणजे परत परत येणारं ध्रुवपद, नाही. पुढे एका ठिकाणी गाणं अचानक उघडतं, पियानोचे मोठे मोठे कॉर्ड्स येतात आणि वाटतं की आता सुटका झाली, पण शब्द ऐकले तर सुटका काही झालेली नसते. हेच गाणं त्यांनी अल्बमच्या आधी, एप्रिल २००६ मध्ये, डाउनलोड करायच्या व्हिडिओच्या रूपात लोकांसमोर आणलं आणि तो व्हिडिओ दिग्दर्शित केला होता स्कॉटिश कादंबरीकार आयर्विन वेल्शने. म्हणजे जुन्या श्रोत्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की यावेळी मामला वेगळा आहे.

'अ बॅड ड्रीम' हे माझ्या मते या अल्बमचं शिखर आहे आणि याच्याबद्दल एक शब्दही लेखात नाही. हे गाणं आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सच्या एका कवितेवरून सुचलेलं, पहिल्या महायुद्धातला आयरिश वैमानिक आपला मृत्यू समोर दिसत असताना काय विचार करतो ती कविता. येट्सने ती आपल्या लेखिका मैत्रीण लेडी ग्रेगरी यांचा मुलगा रॉबर्ट ग्रेगरी याच्या मृत्यूवरून लिहिली होती, तो १९१८ च्या जानेवारीत इटलीत विमान कोसळून गेला. त्या कवितेतल्या वैमानिकाला ज्यांच्याशी लढतोय त्यांचा द्वेष नाही आणि ज्यांच्यासाठी लढतोय त्यांच्याबद्दल प्रेमही नाही, तो नुसता वर आभाळात आहे. आता हे इराक युद्ध चालू असताना, एका पॉप बँडने उचलावं आणि त्याला आजच्या थकलेल्या, लढाई कशासाठी हेच विसरलेल्या माणसाचा आवाज द्यावा, याला मऊ मऊ गाणी कसं म्हणणार? टॉमचा आवाज इथे जो वर जातो तो दाखवण्यासाठी जात नाही. त्या आवाजात एक दमलेपण आहे, आणि मागे पियानो इतका धुरकट आहे की कुठे पियानो संपतो आणि कुठे नुसता आवाजाचा ढग सुरू होतो ते कळत नाही.

आणि त्याच्या लगेच पुढे 'हॅम्बर्ग साँग' येतं, ज्यात जवळजवळ काहीच नाही. ऑर्गन, मग पियानो, आवाज, बस. आधीच्या धुरळ्यानंतर एकदम रिकामी खोली. हे गाणं टिम आणि टॉममधल्या दुराव्यातून आलेलं, मागतो त्याहून कितीतरी जास्त मी देतोय आणि तुला ते बघायचंच नाही अशा भावनेचं. इथे एक गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. गाणं लिहिणारा टिम, ज्याच्यामुळे दुखावलाय तो मित्र टॉम, आणि ते गाणं माईकसमोर उभं राहून गायचंय टॉमलाच. स्वतःबद्दलची तक्रार स्वतःच्या तोंडाने, ती करणाऱ्याच्या साथीवर, आणि ती सुंदर करून गायची. मी संगीताबद्दल बरंच वाचतो, ऐकतो, पण एका बँडच्या आत असं काही इतक्या उघडपणे झालेलं मला फारसं माहीत नाही. या अल्बममधला अंधार हा कपडे काळे घालून आणलेला नाही हे मला सांगायचंय. तो त्या खोलीत बसलेल्या तीन माणसांच्या मधला होता.

ते किती खरं होतं हे थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळलं. अल्बम १२ जून २००६ ला ब्रिटनमध्ये आला, पहिल्या आठवड्यात दोन लाखांहून जास्त खपला, सरळ एक नंबर, अमेरिकेतही बिलबोर्ड या खपाच्या यादीत चौथा. आणि ऑगस्टमध्ये टॉम चॅप्लिनने जाहीर केलं की दारू आणि ड्रग्जच्या व्यसनासाठी तो उपचार घेतोय. दौरे रद्द झाले. एक नंबरचा अल्बम हातात असताना. नंतर परत तो त्याच गर्तेत गेला आणि कितीतरी वर्षांनी पूर्ण बाहेर आला, त्याबद्दल तो आता मोकळेपणाने बोलतो. 'ब्रोकन टॉय' हे शेवटाकडचं सहा मिनिटांच्या आसपासचं गाणं, ज्यात ड्रम्स जवळजवळ जॅझच्या अंगाने जातात आणि वापरून फेकून दिलेल्या खेळण्यासारखं वाटणं असा विषय आहे, ते ही हकीकत माहीत असताना ऐकलं तर अंगावर येतं.

मधला भागही सोडू नका. 'लीव्हिंग सो सून?' मधला तिरसटपणा, 'पुट इट बिहाइंड यू' मधला तो घासल्यासारखा जाड आवाज, आणि त्याच्या पाठोपाठ येणारा 'द आयर्न सी' हा नुसत्या वाद्यांचा तुकडा. ज्या बँडची सगळी ताकद गायकाच्या गळ्यात आहे असं सगळे म्हणत होते त्या बँडने अल्बमच्या ऐन मध्यात गायकालाच गप्प बसवलं आणि लाटा आपटल्यासारखा आवाज दोन-तीन मिनिटं ऐकवला. स्ट्रीमिंगवर बहुतेकजण हा तुकडा पुढे ढकलतात असं वाटतं, पण तो काढला तर अल्बमचे दोन भाग एकमेकांना जोडलेच जात नाहीत. कव्हरवरही तेच आहे, सॅना अन्नुका या चित्रकर्तीने काढलेल्या समुद्राच्या लाटा ज्या घोडे होऊन अंगावर येतायत. तिची चित्रं फिनलंडकडच्या लोककलेच्या वळणाची, त्यामुळे एकदम जुन्या परीकथेच्या पुस्तकात आल्यासारखं वाटतं, पण अशा परीकथेत जिथे काहीतरी बिनसलंय. बँडच्या मनातही नेमकं हेच होतं, वाईट वळण घेतलेली परीकथा. शेवटचं गाणं 'द फ्रॉग प्रिन्स', त्यातला तो गर्वाने फुगलेला लाडका राजपुत्र आणि बेडूक, हे सगळं त्याच धाग्यातलं.

सगळंच थोर आहे असं माझं म्हणणं नाही. 'क्रिस्टल बॉल' हे गाणं चांगलं असलं तरी ते पहिल्या अल्बममध्येही खपून गेलं असतं, माणूस स्वतःची ओळख हरवतोय हा विषय मोठा आहे आणि चाल मात्र फारच हसरी आहे. 'ट्राय अगेन' मला आजही सरधोपट वाटतं, त्या जागी अजून एक वाकडंतिकडं काहीतरी असतं तर बरं झालं असतं. टिमचे शब्दही काही ठिकाणी फार ढोबळ होतात, रस्ता, रात्र, समुद्र, स्वप्न यांच्यातच फिरत राहतात. त्या वेळच्या समीक्षा संमिश्र होत्या आणि त्यातले काही आक्षेप योग्यच आहेत. पण आक्षेप घेण्यासाठीसुद्धा आधी रेकॉर्ड काय करायला निघाली होती ते बघावं लागतं. आणि मला वाटतं लेखकांनी ते बघितलेलं नाही, त्यांनी पहिल्या अल्बमचं सगळ्यांना माहीत असलेलं गाणं डोक्यात ठेवून पुढच्या सगळ्या प्रवासावर मत देऊन टाकलं.

अजून एक. २००८ च्या 'परफेक्ट सिमेट्री'मध्ये कीनने शेवटी गिटार घेतली, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) घेतले, ऐंशीच्या दशकातला चकचकीत आवाज आणला. लेखात त्याला बँडने केलेला खरा बदल म्हटलंय. मला उलट वाटतं. तो अल्बम मजेशीर आहे, धीट आहे, पण तिथे त्यांच्यापुढे सगळी खेळणी होती आणि ते खेळले. २००६ मध्ये एक दार त्यांनी स्वतः बंद ठेवलं होतं आणि म्हणून भिंतीत दुसरं पाडावं लागलं. वाद्य बदलल्यावर आवाज बदलणारच, त्यात कौतुक कमी. तेच वाद्य, तीच तीन माणसं, आणि तरी ओळखू येऊ नये इतका वेगळा आवाज काढणं हे जास्त अवघड आणि म्हणून जास्त मोलाचं.

आज हे सगळं लिहावंसं वाटलं याचं अजून एक कारण म्हणजे आता गाणी एकेकटी ऐकली जातात. प्लेलिस्ट आपोआप चालू असते, एक गाणं कीनचं, पुढचं भलत्याच कोणाचं. त्यात या बँडचं तेच एक हळवं गाणं परत परत समोर येतं आणि नवीन ऐकणाऱ्यांना वाटतं की हा बँड म्हणजे एवढंच. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना 'अटलांटिक' ऐकवलं की ती विचारतात हे कोण, आणि सांगितलं तर विश्वास बसत नाही. अशा वेळी पेपरातला जाणकार लेखकही जर तेच एक वाक्य लिहून मोकळा झाला तर त्या मुलांना खरं काय ते सांगणार कोण? तुमच्या पुरवणीवर लोक विश्वास ठेवतात, माझ्यासारखे कितीतरी जण त्यात नाव वाचून काय ऐकायचं ते ठरवतात.

म्हणून एक विनंती. पुरवणीत महिन्यातून एकदा तरी एकच अल्बम घेऊन त्याच्यावर पान द्या, सगळा अल्बम, गाण्यांच्या क्रमासकट, कोणी प्रोड्यूस केला, कुठली वाद्यं, कुठल्या परिस्थितीत झाला हे सगळं. आणि त्यात लोकप्रिय बँड्सचे अवघड अल्बम आवर्जून घ्या, कारण नावाजलेल्या प्रायोगिक लोकांबद्दल लिहिणारे भेटतात, पण गाजलेल्या माणसाने धोका पत्करला तर त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही. पियानोवरच्या रॉकपासून सुरू करायचं असेल तर कीनच्या आधीचं एक उदाहरण देतो, बेन फोल्ड्स फाइव्ह. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलचे, नावात फाइव्ह असलं तरी तिघंच, पियानो, बेस आणि ड्रम्स, इथेही गिटार नाही, आणि बेसला असं काही डिस्टॉर्शन की गिटारची आठवणच येऊ नये. धमाल, खट्याळ गाण्यांसाठी प्रसिद्ध. आणि १९९९ मध्ये यांनी तिसरा अल्बम काढला, 'द अनऑथराइज्ड बायोग्राफी ऑफ राइनहोल्ड मेसनर', ज्यात गाणी एकमेकांत मिसळत जातात, तंतुवाद्यं आणि ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यं येतात, मध्येच बेन फोल्ड्सच्या वडिलांनी आन्सरिंग मशीनवर ठेवलेला निरोप ऐकू येतो, आणि सगळ्यावर एक मरगळ, एक पश्चात्तापाची सावली आहे. चाहते गोंधळले, पुढच्याच वर्षी बँड फुटला. हा अल्बम आणि कीनचा अल्बम शेजारी शेजारी ठेवून कोणी जाणकाराने लिहिलं, एकाने वाद्यं वाढवून अंधार कसा आणला आणि दुसऱ्याने आहे तेच वाद्य बिघडवून कसा आणला, तर माझ्यासारखे वाचक ते पान कापून ठेवतील. लेखकांनाच हे काम द्या असंही सुचवतो, त्यांची शैली चांगली आहे आणि आर्क्टिक मंकीजवर लिहिताना त्यांनी जो कान लावला तोच इथेही लावला तर लेख नक्की उत्तम होईल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक